तीन नंबरचा प्लग

"घ्या बाई, झाली तुमची गाडी," गुरुपादमिस्त्री म्हणाला आणि त्यानं किल्ली माझ्यापुढं धरली.

मी किल्ली घेतली नाही. पर्स उघडली, बंद केली, रुमाल काढला.

"सगळं नीट बघितलंत ना? क्लच?"

"बगितला."

"ब्रेक?"

"बगितलं की."

"आणि तो मागचा दरवाजा? खडखडायचा तो."

"त्योबी बसवला."

"नाही, म्हणजे राहिलं असेल काही तर राहू दे गाडी अजून. मला घाई नाही."

तो हसला. "बाई, लोकं गाडी लवकर दे म्हणून माझ्या डोक्यावर बसत्यात. नको म्हणणाऱ्या तुमीच पैल्या."

मी किल्ली घेतली. दिवाळी झाल्या झाल्या आंबोली घाटात माझ्या गाडीनं वाफ सोडली होती आणि गडहिंग्लजपर्यंत ती एका ट्रकच्या मागं दोरीनं बांधून आणावी लागली होती. तेव्हा मी त्या ट्रकवाल्यावर, गाडीवर आणि स्वतःवर इतकी चिडले होते की गॅरेजच्या दारात उतरल्यावर मिस्त्रीशी धड बोललेही नाही. आता होळी होऊन गेली होती आणि तीच गाडी धुऊनपुसून माझ्यासमोर उभी होती, आणि मला रडू येईल की काय असं वाटत होतं.

"आणि ह्यो तुमचा जुना माल," म्हणत त्यानं एक कापडी पिशवी माझ्या हातात दिली.

आमच्याकडं गाडी गॅरेजला टाकायची एक रीत होती. नवे पार्ट मालकानं स्वतः दुकानातून आणून द्यायचे, काम चालू असताना समोर बसायचं, आणि काढलेले जुने पार्ट मोजून परत घ्यायचे. नाहीतर नवं दुसऱ्याच्या गाडीत जातं आणि जुनं आपल्याच गाडीत राहतं, असा सगळ्यांचा पक्का समज. गाडी गॅरेजला गेली त्या संध्याकाळी शेजारच्या सुमनवहिनींनी मला कंपाउंडवरून बजावलं होतं, "शालनताई, सोडून येऊ नका हं गाडी. बाईमाणूस बघून आख्खं इंजिन बदलतील." गुरुपादच्या बाबतीत ही भीती फुकट होती. तो न मागता जुना माल परत द्यायचा, आणि तोही साधा नाही. पेट्रोलमध्ये धुऊन, तारेच्या ब्रशनं घासून, कानडी वर्तमानपत्रात गुंडाळून. जुनं झालं तरी गिऱ्हाइकाच्या घरात घाण जाऊ नये, असं त्याचं म्हणणं.

पण मला सुमनवहिनींचा सल्ला फारच सोयीचा पडला. समोर बसायचं म्हणजे समोर बसायचं. मी रोज दुपारी जेवण उरकून गॅरेजला जायला लागले.

मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. उभं आयुष्य कानाला हेडफोन लावून दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली. मुंबईला गेलेल्या पोराची आई, बेळगावचा व्यापारी, कुणाच्या मयताची खबर, कुणाच्या बारशाची. सगळं माझ्या कानांवरून गेलं आणि त्यातलं माझ्यासाठी काही नव्हतं. मग ऑटोमॅटिक एक्स्चेंज आलं. लोक आपापले नंबर फिरवायला लागले आणि मी मुदतीआधीच घरी बसले. लग्न केलं नव्हतं, म्हणजे झालं नव्हतं. आईचं आजारपण काढण्यात ते वय निघून गेलं. आई गेल्यावर मिळालेल्या पैशातून मी एका डॉक्टरांची जुनी पेट्रोलची गाडी घेतली. गावात ती चर्चाच झाली. बाईला गाडी कशाला, आणि एकटीला चार दरवाजे कशाला! मी कुणाला उत्तर दिलं नाही. खरं उत्तर एवढंच होतं की घरात बसून भिंतींकडं बघण्यापेक्षा काचेतून रस्त्याकडं बघणं बरं.

तर गॅरेज. संकेश्वर रस्त्यावर पत्र्याची एक शेड, पुढं बाभळीचं झाड, शेजारी मिरचीचं गोदाम. मोसमात वारा फिरला की सगळं गॅरेज शिंकायचं. गुरुपाद पन्नाशी ओलांडलेला, उंच, हाडापेरानं मोठा, बोलायला कमी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन गोकाकला. हाताखालचा गडी पुण्याला कंपनीत लागला तेव्हापासून तो एकटाच काम करायचा आणि शेडच्याच मागच्या खोलीत राहायचा. पहिल्या दिवशी त्यानं माझ्यासाठी लोखंडी खुर्ची झटकली. नंतर ती खुर्ची तिथंच राहिली, दुसरं कुणी तिच्यावर बसलं तर तो म्हणायचा, "ती बाईंची हाय."

ती बाईंची हाय! एवढंसं वाक्य. घरी येताना मी ते मनात घोळवत यायचे. हसा तुम्ही. पण ज्याला कुणी हाक मारत नाही त्याला अशी वाक्यं पुरतात.

सुरुवातीला मी नुसती बसायचे. मग तो काम सांगायला लागला. "बाई, ह्या पट्टीवरचा आकडा वाचा जरा." "बाई, त्या डब्यावर काय लिवलंय?" मी चष्मा लावून वाचायचे. मला वाटायचं, मी कंटाळू नये म्हणून हा मला कामात घेतोय. मी बोलायला लागले की तो हातातलं थांबवून कान माझ्याकडं करायचा, मान किंचित कलती. इतकं लक्ष देऊन माझं बोलणं कुणी ऐकलं नव्हतं. आयुष्यभर ऐकायचं काम माझं होतं ना.

एकदा एका डेअरीवाल्याची जीप आली. चढाला दम टाकते, अडखळते, म्हणाला. गुरुपादनं बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं आणि मला हाक मारली.

"बाई, टेलिफोनवाल्यांचे कान लई तिखट असत्यात म्हणं. या, ऐका."

मी जवळ गेले. इंजिन धडधडत होतं पण मधेच एक ठोका गाळत होतं.

"एक कमी पडतोय," मी म्हटलं.

"बरोबर. चारातला एक काम करंना. आता कुठला त्यो धरायचा." त्यानं कोरडं फडकं हाताला गुंडाळलं आणि पहिल्या प्लगची वायर ओढून काढली. इंजिन लगेच लटपटलं. "ह्यो कामाचा हाय. काढला तर इंजिनाला कळलं." वायर परत बसवली, दुसरी काढली. परत लटपट. तिसरीही तशीच. चौथी काढली. इंजिन जसं होतं तसंच चालत राहिलं.

"ह्यो बगा मेलेला," तो म्हणाला. "काढला काय, ठेवला काय, कुणाला पत्ता न्हाई."

डेअरीवाला हसला. मला हसू आलं नाही. मी मनात म्हटलं, गडहिंग्लजमधून मला काढलं तर कुठलं इंजिन लटपटेल? आणि लगेच वाटलं, एक तरी. ही खुर्ची रिकामी दिसली तर या माणसाला कळेल. त्या एका विचारावर मी तो सगळा हिवाळा काढला.

म्हणून तर किल्ली घ्यायला मी वेळ काढत होते. गाडी झाली म्हणजे खुर्ची गेली. गाडीवाचून गॅरेजात बसलेल्या बाईला गाव काय म्हणतं ते मला ठाऊक होतं. गाव सोडा, मला स्वतःलाच ते जमलं नसतं. कुठल्या तोंडानं जाऊन बसणार? "सहज आले" असं म्हणायचा मला सराव नव्हता.

गाडी घेऊन मी निघाले. पूल ओलांडून चढ लागला आणि तिथं गाडीनं आचका दिला. मग पुन्हा एक. तेच ते, ठोका गाळणं, मिस्त्रीलोकांच्या भाषेत मिसिंग.

गाडी बिघडली की लोकांना घाम फुटतो. मला हसू फुटलं. रस्त्यात एकटीच खुदुखुदु हसत मी गाडी घरापर्यंत आणली.

तिथूनच मागं वळून जाता आलं असतं, पण मला मिरवायचं होतं. कुठला सिलिंडर ते आपण शोधायचं आणि मग रुबाबात जाऊन सांगायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात गाडी चालू केली. थंड असताना ती शहाण्यासारखी चालली. तापली तशी अडखळायला लागली. मी बॉनेट उघडलं, जुन्या लुगड्याचा तुकडा हाताला गुंडाळला.

कंपाउंडवरून सुमनवहिनींचं डोकं आलं. "अगं बाई, काय करताय? शॉक बसेल!"

"बसू दे."

"पण आत्ताच तर आणलीत दुरुस्त करून. फसवलंच म्हणा शेवटी मेल्यानं."

"वहिनी, तुमची आमटी करपतेय," मी म्हटलं. डोकं गेलं.

पहिली वायर काढली, इंजिन लटपटलं. दुसरी, तसंच. तिसरी काढली आणि काहीच झालं नाही. मी गाडी बंद केली, इंजिन जरा निवू दिलं आणि प्लगपान्यानं तिसरा प्लग सोडवला. हात काळे झाले, एक नख तुटलं, पण निघाला.

उन्हात धरून बघितला. पांढऱ्या चिनीमातीवर केसासारखी बारीक काळी चीर होती, वरपासून खालपर्यंत. आणि तो प्लग नवा नव्हता. चारही नवे प्लग मी स्वतः कोल्हापूरहून आणून गुरुपादच्या हातात दिले होते. नव्याचा पत्रा आरशासारखा होता. हा घासूनपुसून स्वच्छ केलेला होता, पण मंद, जुना.

मी घरात जाऊन ती कापडी पिशवी उपडी केली. वर्तमानपत्राच्या पुड्या सोडल्या. वॉल्व्ह, गॅसकेटचे तुकडे, रिंगा, आणि एका पुडीत चार प्लग. तीन जुने आणि एक कोरा करकरीत नवा.

मी जमिनीवरच बसले. गुरुपादसारखा माणूस, जो नटसुद्धा ओळीनं मांडतो, तो नवा प्लग जुन्यांत बांधून देईल? ज्याला डोळे आहेत त्याला लांबूनसुद्धा कळेल, यातला चकाकतो तो कुठला. चूक होणंच शक्य नव्हतं. आणि चूक नव्हती तर मग काय होतं?

ते काय होतं ते मला समजलं आणि माझे कान तापले.

त्यानं मुद्दाम ठेवला होता. मला वायर काढून शोधायला त्यानंच शिकवलं होतं. मी शोधणार, पिशवी उघडणार आणि परत येणार, हे त्याला माहीत होतं. जे मला तोंडानं बोलता येत नव्हतं ते त्यालाही येत नव्हतं, म्हणून त्यानं असं केलं होतं. किती महिने गाडी अडकवून ठेवली होती त्यानं! हा पार्ट बरोबर नाही, ते परत घासतो, हे उद्या बघू. मी मूर्ख, मला वाटायचं काम किचकट आहे.

मी त्या दिवशी अंघोळीला गेले ती बराच वेळ बाहेर आले नाही. आईच्या जाण्यानंतर न नेसलेली मोरपंखी इरकल काढली. मिशेरीनं हिरड्या काळ्या पडल्यात का ते आरशात बघितलं. या वयात! स्वतःला चार शिव्या दिल्या आणि तरी केसांत अबोलीचा गजरा माळला. नवा प्लग पर्समध्ये टाकला. जुना इंजिनात परत बसवला, गाडी अडखळत अडखळतच नेऊ म्हटलं, आणि पुन्हा विचार बदलला. मला त्याचा चेहरा बघायचा होता. गाडीचा आवाज ऐकून त्यानं चेहरा नीट करायच्या आत बघायचा होता. म्हणून मी गाडी मिरचीच्या गोदामाच्या अलीकडेच लावली, तो चिरलेला प्लग पुन्हा काढून हातात घेतला आणि चालत गेले.

शेडच्या दारात मी उभी राहिले. गुरुपाद आत बाकावर बसून कसलासा पाना पुसत होता. समोर ती खुर्ची, रिकामी. चपला मी दाराबाहेर हळूच काढल्या होत्या. दुपारचं लख्ख ऊन माझ्या पाठीवर पडलं होतं. मी काही बोलले नाही, नुसती हसून उभी राहिले.

त्यानं मान वर केली. सरळ माझ्याकडं बघितलं, तोंडाकडं.

"कोण पायजे?" तो म्हणाला.

परक्या माणसाला विचारतात तसं. कुणी रस्ता चुकलेलं दारात आलं की विचारतात तसं.

मला वाटलं थट्टा करतोय. पण तो थांबला होता, मान किंचित कलती, कान माझ्याकडं. त्याचे डोळे माझ्यावर होते आणि ते मला बघत नव्हते.

"मी... इंगवले," मी म्हटलं.

त्याचा चेहरा लगेच उजळला. "तुमी व्हय बाई! आवाज न्हाई केला ते. या, बसा की. उनाचं दारात नुसतं काळं दिसतंया. गाडी कुठाय? ऐकू आली न्हाई."

"गोदामाजवळ लावलीय. मिसिंग करतेय."

"मिसिंग?" तो उठला. "ते कसं काय? काल चांगली होती."

"तापली की करते. तीन नंबर."

"तुमी धरलासा?"

"वायर काढून बघितली."

"वा बाई!" तो खरोखर खूश झाला. मी ज्या शब्दासाठी आले होते तो शब्द मिळाला आणि तो कुठंच लागला नाही.

मी चिरलेला प्लग त्याच्या तळहातावर ठेवला. त्यानं तो बोटांत फिरवला. आट्यांवरून अंगठा नेला, टोकाची फट नखानं मोजली, वास घेतला. मग डाव्या डोळ्याच्या अगदी जवळ, पापणीला टेकेल इतका जवळ नेला आणि उजेडाकडं वळला. बराच वेळ तसा उभा राहिला.

"ह्याला काय झालंय?" शेवटी त्यानं विचारलं. आवाज बारीक होता.

"चीर आहे. चिनीमातीला."

त्यानं पुन्हा अंगठा फिरवला. "लागंना हाताला."

"हाताला नाही लागत ती. दिसते."

"नवा हाय न्हवं ह्यो?"

"जुना आहे. नवा पिशवीत होता, जुन्यांत."

तो बाकावर बसला. पुसायचं फडकं हातात घेतलं, गुडघ्यावर पसरलं, परत घडी केलं. मीही माझ्या खुर्चीवर बसले.

"घासून ठेवलेले असत्यात," तो म्हणाला. "सगळे हाताला सारकेच लागत्यात. घासलं नसतं तर काजळीनं कळलं असतं." आणि थोड्या वेळानं, "काय केलं बगा मी."

"कधीपासून?"

"गेल्या पावसाळ्यात उजवा डोळा गेला. डाव्यात जरा जरा हाय, नळीतनं बगितल्यागत. मिरजंला दावून आलो. काचबिंदू म्हणाले. आतली नस सुकली, आता गेलेलं परत न्हाई यायचं." तो दाराकडं तोंड करून बोलत होता. "दिवाळीपासनं नवीन गाडी घेतली न्हाई मी. किरकोळ काय आलं तर करतो. तुमच्याच गाडीचं मोठं काम घेतलं. म्हटलं शेवटचं एक इंजिन आपल्या हातनं उभं करू. म्हणून तर एवढं महिनं लागलं. एकेक गोष्ट चारचारदा चाचपून बगायची. तुमी लई सोसलासा बाई. दुसरा असता तर बोंबलत आला असता."

म्हणून पट्टीवरचा आकडा. म्हणून डब्यावर काय लिवलंय. म्हणून मान कलती करून माझा शब्द न् शब्द ऐकणं. दिवाळीपासून होळीपर्यंत मी रोज त्याच्यासमोर बसले आणि माझं तोंड कसं आहे ते त्यानं कधी बघितलंच नव्हतं.

"मला वाटलं..." माझ्या तोंडून निघून गेलं.

"काय वाटलं?"

"काही नाही."

"फसवलं वाटलं असंल. बरोबर हाय. कुणालाबी वाटंल."

"तसं नाही वाटलं," मी म्हटलं. हे मात्र मी जोरात म्हटलं. निदान तेवढं तरी त्याला कळायला हवं होतं.

त्यानं फडकं बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "कुणाला सांगू नका बाई. मुलगी अक्षतृतीयेला येणार हाय, तवा तिच्यासंगं जायचंच हाय गोकाकला. तवर दोन-चार पंक्चरं, ऑइल, असलं करीन. लोकांला कळलं की लगेच येतील, हळहळतील, हात धरून रस्ता ओलांडून देतील. ते नको वाटतं. मिस्त्री म्हणूनच जाऊ दे."

"नाही सांगत."

"शपथ न्हाई घालत. तुमच्यावर इस्वास हाय."

इस्वास होता. वाईट काय वाटून घ्यायचं त्यात. माझ्याकडं पर्समध्ये नवा प्लग होता, केसांत गजरा होता, आणि त्याला त्यातलं काही दिसणार नव्हतं. गजऱ्याचा वास तरी यावा, पण अबोलीला वासही नसतो.

मी गाडी शेडसमोर आणली. ती तीन पायांवर लंगडत आली. त्यानं बॉनेट उचलून धरलं आणि मी पाना घेतला.

"मी बसवतो," तो म्हणाला.

"असू दे. मला येतंय."

"पैलं हातानं फिरवा. आटं धरलं की मग पाना. लई आवळू नका."

मी हातानं फिरवला. तो शेजारी उभा होता, खांद्याला खांदा लागेल इतका, आणि त्याचं सगळं लक्ष माझ्या बोटांच्या आवाजाकडं होतं. प्लग बसला. वायर लावली. गाडी चालू केली आणि तापू दिली. गोदामात कुणीतरी शिंकत होतं.

इंजिन एका लयीत फिरत होतं. चारही ठोके, एकामागून एक. गुरुपादनं बॉनेटच्या कडेला हात टेकला, डोळे मिटले आणि ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान मी त्या सगळ्या महिन्यांत बघितलं नव्हतं. त्याचं शेवटचं इंजिन उभं राहिलं होतं.

"झाली," तो म्हणाला. "आता पक्की झाली बगा. आता परत यायला नको तुमाला."

हे तो मला बरं वाटावं म्हणून म्हणाला. मिस्त्रीला गिऱ्हाइकाला देता येण्याजोगं याहून मोठं काही नसतं.

मी गाडीत बसले. दार लावलं. आणि मग, कुठून धीर आला कोण जाणे, काच खाली करून मी विचारलं, "आणि आले तर?"

त्यानं मान कलती केली. मला वाटलं तो विचार करतोय.

"गाडीत काय निघालं तर या की," तो म्हणाला. "दुकान तुमचंच हाय."

हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणायचा. डेअरीवाल्याला म्हणाला होता, पंक्चर काढायला आलेल्या सायकलवाल्यालाही म्हणायचा. मी "बरं" म्हटलं आणि काच वर केली.

घर येईपर्यंत मी रेडिओ लावला नाही, खिडकी उघडली नाही, नुसता कान लावून बसले. गाडी एकदाही अडखळली नाही. अडखळली असती तर मी तिथूनच मागं फिरले असते.